बाळ कोणाच्या कडेवर?

आमच्या भिंगारास इतिहासाची वाण नाही. मलिक अहमदने १४९० साली बहामनी फौजेचा मोड करून निजामशाहीचा पाया घातला, तो याच परिसरात. औरंगजेब बादशहाने १७०७ साली देह ठेवला, तो भिंगारजवळच्या तळावर. वेलस्लीने १८०३ च्या ऑगस्टात सर केलेला नगरचा किल्ला आमच्यापासून दूर नाही. आणि त्याच किल्ल्यात १९४२ सालापासून पंडित नेहरू व इतर थोर नेते बंदिवासात होते. सदतीस वर्षे शाळामास्तर म्हणून मी हा इतिहास मुलांकडून सनावळ्यांसह पाठ करून घेतला. परंतु सेवानिवृत्त होऊन घरी बसल्यावर मला इतिहासाचा असा एक प्रश्न विचारला गेला, की ज्याचे उत्तर माझ्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हते. तो प्रश्न विचारणारी व्यक्ती म्हणजे माझी सूनबाई, आणि त्या वेळी तिच्या कडेवर दहा महिन्यांचा माझा नातू होता.

हे बाळ फार चपळ आहे. रांगते म्हणावे तर ते धावते, आणि धरून उभे राहते म्हणावे तर ते चढते. पहाटे पाचास सारे घर निजलेले असता ते जागे होते, आणि त्याच्याबरोबर त्याच्या आईचा दिवस उजाडतो. त्यास पाजावे, दुपटे बदलावे, पायांवर घेऊन न्हाऊ घालावे, मऊ भात भरवावा, भरविलेला भात त्याच्या केसांतून काढावा. तोवर स्वारी फडताळापाशी जाऊन डबे पाडीत असते. तेथून उचलावे तर देवघरातील घंटेकडे, तेथून उचलावे तर मोरीतील भरलेल्या बादलीकडे. मास्तरकीची जुनी खोड म्हणून मी एकदा घड्याळ लावून मोजले. एका तासात ती माउली सतरा वेळा बसल्या जागेवरून उठली. दुपारी बाळ निजते ते पुरते अर्धा तास. त्या अर्ध्या तासात तिने जेवावे, की घरून चालणारे आपले कचेरीचे काम करावे, की घटकाभर पाठ टेकावी, याचा निर्णय करण्यातच पाच मिनिटे जातात. चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास. आमच्या घरच्या मंडळींचे गुडघे धरलेले. अशाच एका दुपारी ती मला म्हणाली, "अण्णा, पूर्वीच्या बायका हे सगळं एकटीनं कसं करत असतील हो?"

मी चष्मा पुसू लागलो. उत्तर सुचले नाही म्हणजे मास्तर चष्मा पुसतो. मग मी तोच प्रश्न आमच्या मंडळींस विचारला, "आपल्या मुलाच्या वेळी तू कसं केलंस?" त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "तुम्हांला कसं ठाऊक असणार? तुम्ही शाळेत होतात."

श्रोतेहो, इतिहासकारांचीही स्थिती माझ्याहून फारशी निराळी नाही. ते सारे 'शाळेत' होते. पंडितजींनी १९४४ साली नगरच्या किल्ल्यात आपला 'भारताचा शोध' हा ग्रंथ लिहिला, हे आपण सर्व जाणतो. तो लिहून होत असतानाच, २० ऑगस्ट १९४४ रोजी, मुंबईस त्यांच्या कन्येस पहिला पुत्र झाला. ग्रंथ किती महिन्यांत झाला हे आपणांस सांगता येते. परंतु त्याच महिन्यांत त्या नवप्रसूत आईच्या रात्री कशा गेल्या असतील, हे विचारण्याचे आपल्या मनातही येत नाही. बाळंतिणीचा दिवस बखरीत सापडत नाही. तो सापडलाच तर जात्यावरच्या ओव्यांत, पाळण्यांत, किंवा क्वचित एखाद्या बाईने धीर करून लिहिलेल्या आठवणींत. आमच्या नगराशी ज्यांचा निकट संबंध होता त्या लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेची पायरी चढल्या नाहीत. तरी त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ सालापासून प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा महाराष्ट्रास प्रथमच एवढ्या मोकळेपणाने कळले, की घराच्या आतही इतिहास घडत असतो.

तेव्हा सूनबाईच्या प्रश्नाचा मी यथामति शोध घेऊ लागलो. तिच्या प्रश्नातील एक शब्द मला खटकला. तो शब्द म्हणजे 'एकटीनं'. पूर्वीच्या बायका हे एकट्याने करीत होत्या काय? मग माझा प्रश्न असा झाला: आई जेव्हा चुलीपाशी होती, शेतात होती, गिरणीत होती, तेव्हा बाळ कोणाच्या कडेवर होते? आज या प्रश्नाची जी उत्तरे मला मिळाली, ती आपणांपुढे ठेवावयाची आहेत.

पहिले उत्तर सुखाचे आहे. खात्यापित्या घरी पहिलटकरीण माहेरी येई. दहा दिवस सोयर, बाराव्या दिवशी बारसे, आणि सव्वा महिना बाळंतिणीने बाजेवरून उतरावयाचे नाही, असा दंडक होता. सुईण येऊन अंगास तेल लावी, आजी सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ यांचे मोजून वेढे उगाळी, काकू अळिवाची खीर करी, आणि बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत राही. ते रांगू लागले म्हणजे त्याच्या पायांत घुंगुरवाळे घालीत. आपण तो अलंकार समजतो; परंतु माझ्या मते तो एक पहारा होता. वाळ्यांचा नाद चालू आहे तोवर बाळ ओसरीवर आहे. नाद थांबला की चुलीपाशी बसलेल्या आईने मान वर करून पाहावयाचे. बाळ उभे राहू लागले म्हणजे सुतार पांगुळगाडा करून देई. उंबरठा ही पहिली सीमा, आणि ओसरीवर बसलेले आजोबा हे त्या सीमेवरचे नाकेदार.

तथापि या भरल्या घरातही चपळ बाळापुढे आई हात टेकतेच. याचा एक प्राचीन दाखला भागवताच्या दशम स्कंधात आहे. गोकुळासारखे गाव, नंदासारखे घर, दासींची उणीव नाही. तरीही यशोदेस कृष्णास उखळाशी बांधावे लागले. दावे दोन बोटे अपुरे पडले, आणखी जोडले, तेही दोन बोटे अपुरेच पडले. पुराणिकबुवा यात भगवंताचे अनंतत्व पाहतात. मला मात्र हल्ली त्यात घामाघूम झालेली एक आई दिसते. आणि बांधल्यावर तरी काय झाले? त्या बाळाने उखळच ओढीत नेऊन अर्जुनाची दोन झाडे उन्मळून पाडली!

हे सुखाचे चित्र रंगविताना त्याची काळी बाजू झाकून ठेवणे हे इतिहासाच्या शिक्षकास शोभणार नाही. बाळंतिणीची ती खोली बहुधा अंधारी असे, वाऱ्यास मज्जाव असे, शेगडीचा व ओव्याच्या धुरीचा धूर कोंडलेला असे. नाळ हाताशी येईल त्या हत्याराने कापीत आणि तीवर राख किंवा शेणही लावीत. त्यातून धनुर्वाताचे विष अर्भकाच्या देहात शिरे, आणि तिसऱ्या दिवसापासून पुढच्या दहाबारा दिवसांत त्याचा जबडा मिटून जाई. पाचवीच्या रात्री सटवी येऊन बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहिते, म्हणून त्या रात्री जागरण करावयाचे, अशी आपली समजूत होती. ही भीती नेमकी त्याच दिवसांतली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे सटवीच्या हाती लेखणी कोणी दिली असावी, याचा उलगडा होऊ लागतो.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांस वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो अवघा दहा दिवसांचा होऊन गेला. योग्य वैद्यकीय साहाय्य मिळाले असते तर तो वाचता, ही खंत त्यांच्या मनातून गेली नाही. त्या १८८३ साली समुद्र ओलांडून अमेरिकेस गेल्या, १८८६ च्या मार्चात फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, आणि पदवीसाठी त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्राचा. पुढल्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी त्या निवर्तल्या. ज्या बाळास जगाने दहाच दिवस पाहिले, त्याने एका बालिकेस सातासमुद्रांपलीकडे नेले. या गोष्टीची नोंद आपण आनंदीबाईंच्या नावे करतो. त्या बाळास तर नावही नाही.

आनंदीबाईंचे अपुरे राहिलेले कार्य पुढे अनेकांनी अनेक ठिकाणी चालविले. त्यांपैकी एक ठिकाण आमच्याच जिल्ह्यातले आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले. त्यांनी काय केले? गावोगावच्या साध्यासुध्या बायका निवडल्या. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातल्या होत्या. नाळ स्वच्छ पात्याने कशी कापावी, अर्भकाचे वजन कसे घ्यावे, जुलाब झाले असता मीठसाखरेचे पाणी कसे पाजावे, हे त्यांस शिकविले. औषधापेक्षाही मोठी गोष्ट अशी झाली, की नव्या आईच्या दारी विचारपूस करणारे एक शहाणे माणूस येऊ लागले. सुईणीचा जो मायेचा हात होता तो राहिला, आणि त्या हातावरचा मळ तेवढा धुतला गेला. नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. आमच्या आज्यांस हे सांगितले असते तर त्यांनी सटवीची ओटी भरली असती.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. ते उत्तर सुखाचे नाही. ज्या आईस माहेर नव्हते, भरले घर नव्हते, सव्वा महिना बाजेवर पडून राहण्याची ऐपत नव्हती, तिचे काय?

रायगडच्या हिरकणीची आख्यायिका आपण बाळपणी ऐकलेली आहे. गडावर दूध विकावयास गेलेली गवळण, सूर्यास्तास मिटलेले दरवाजे, घरी तान्हे बाळ, आणि अंधारात उतरलेला तो कडा. महाराजांनी तेथे बुरूज बांधला व तिचे नाव त्यास दिले, असे सांगतात. आम्ही मास्तरांनी या गोष्टीतून मातृप्रेमाचा पाठ दिला, आणि तो योग्यच होता. परंतु आज मला वाटते, की हिरकणी ही शूर आई होती तशीच ती कामकरी आईही होती. दूध विकल्यावाचून तिचे चालत नव्हते. तिचा कडा एका रात्रीचा होता. तिच्यासारख्या हजारो बायका रोज सकाळी बाळ मागे ठेवून कामास जात होत्या, आणि त्यांच्या नावाचे बुरूज कोणी बांधले नाहीत. अलीकडे एसटीच्या स्थानकांवर बाळास पाजण्यासाठी आडोशाच्या खोल्या झाल्या, त्यांस 'हिरकणी कक्ष' असे नाव दिले गेले. गडावरच्या बुरुजाइतकाच तोही मला तिचा सन्मान वाटतो.

आमच्या नगर जिल्ह्यात खुरपणीस जाणारी बाई बांधावरच्या बाभळीस जुन्या लुगड्याची झोळी बांधी. बाळ लहान असे तोवर झोळी पुरे. ते रांगू लागले म्हणजे मात्र झोळीत राहत नसे. आणि शेतात विहीर असते, विळा असतो, विंचू असतो. मग काय करावयाचे? येथे मला एक कटू गोष्ट सांगावी लागत आहे. पुष्कळ आया बाळास अफू देत.

दुष्काळाने व कर्जाने गांजलेली कुटुंबे नगर, सातारा, रत्नागिरी या भागांतून मुंबईस गेली आणि गिरण्यांत लागली. नवरा-बायको दोघेही गिरणीत. चाळीच्या एका खोलीत बाळ. तेथे आजी नाही, ओसरी नाही, घुंगुरवाळ्यांचा नाद ऐकावयास कोणी नाही. सकाळी कामावर जाताना मोहरीएवढी अफूची गोळी बाळाच्या तोंडात घालावी, म्हणजे ते संध्याकाळपर्यंत गुंगीत पडून राही. तिला 'बाळगोळी' असे गोंडस नाव होते. डॉ. बार्न्स नावाच्या स्त्री-डॉक्टरांनी मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांची सरकारच्या वतीने पाहणी केली. त्यांचा निष्कर्ष १९२२ साली प्रसिद्ध झाला. तो असा, की या स्त्रियांच्या शंभर अर्भकांपैकी अठ्ठ्याण्णवांस अफू दिली जाते. शंभरांत अठ्ठ्याण्णव! श्रोतेहो, या आकड्यावरून त्या आयांस दोष देण्याची घाई आपण करू नये. अठ्ठ्याण्णव आया एकाच वेळी निर्दय होत नसतात. जेथे अठ्ठ्याण्णव जणींस एकच वाईट उपाय सापडतो, तेथे दुसरा उपायच कोणी ठेवलेला नसतो. चपळपणा हे बाळाच्या आरोग्याचे लक्षण आहे. त्या चपळपणास झोपविणारी गोळी हे त्याच्या आईच्या एकटेपणाचे लक्षण होते.

हा विचार पुढाऱ्यांच्याही मनात आला. कामकरी स्त्रियांस प्रसूतीच्या काळात मदत देणारे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात आले, तेव्हा १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. आईस प्रसूतीच्या आगेमागे विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. तो कायदा १९२९ साली झाला. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने, जेथे पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करतात तेथे त्यांच्या मुलांसाठी पाळणाघराची खोली ठेवणे मालकावर बंधनकारक झाले. १९७६ साली पन्नासांची ही मर्यादा तिसांवर आली. प्रसूतिरजेचा अखिल भारतीय कायदा १९६१ चा. २०१७ साली ती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. या कायद्यांच्या कलमांत मला आजीची मांडी दिसते. जे काम घर करीत होते ते घर मोडल्यावर समाजाने कोणाच्या तरी अंगी लावून द्यावे, एवढाच त्यांचा अर्थ. परंतु खुरपणीस जाणाऱ्या बाईस ना कारखाना, ना रजा. तिच्यापर्यंत ही मांडी पोचली नाही.

आमच्या भिंगारच्या शेजारी इंग्रजांची छावणी होती. तेथील बंगल्यांतून गोऱ्या साहेबांची मुले देशी आयांच्या कडेवर वाढली. ब्रिटनमध्ये पुढे विनोदकार म्हणून नावाजलेले स्पाइक मिलिगन यांचा जन्मही नगरचाच, १६ एप्रिल १९१८ चा. त्यांचे वडील पलटणीत होते. अशा छावण्यांत आया साहेबाचे बाळ खेळवीत असता तिचे स्वतःचे बाळ कोणाच्या कडेवर असेल? हा प्रश्न मनात आला आणि त्याबरोबर मला तिसरे उत्तर आठवले. ते उत्तर मी पुस्तकात वाचलेले नाही. ते माझ्याच हजेरीपटावर होते.

मॅट्रिक होऊन व अध्यापनाची पदविका घेऊन मी जिल्ह्यातील एका खेड्यात मास्तर झालो, त्यास दोनतीन वर्षे झाली होती. सन १९८४. तिसरीच्या वर्गात एक नऊ वर्षांची मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे, पाढे तोंडपाठ. ती वारंवार गैरहजर राहू लागली. चौकशी केली तेव्हा कळले, की आई रोजगार हमीच्या कामावर जाते आणि धाकट्या भावास ही सांभाळते. मी तिला बजावले, की शाळा बुडवावयाची नाही. दुसऱ्या दिवशी ती भावास कडेवर घेऊन वर्गात आली. ते बाळ वर्षाच्या आतले होते, आणि आमच्या नातवासारखेच चपळ. त्याने खडूची पेटी उपडी केली, एक खडू खाल्ला, आणि फळ्याखाली रांगत जाऊन सारा वर्ग हसविला. त्या आठवड्यात तपासणीस साहेब येणार होते. मी त्या मुलीस म्हणालो, "बाळाला घरी ठेवून ये, मग बस वर्गात." तिने मान डोलावली, बाळास उचलले, आणि ती गेली. ती परत आली नाही. वर्षअखेरीस मी नियमाप्रमाणे तिचे नाव कमी केले. हजेरीपट अगदी स्वच्छ झाला.

घरी कोणी असते तर तिने बाळ शाळेत आणलेच नसते, एवढा साधा विचार मला त्या वेळी सुचला नाही. माझ्या हजेरीपटावरील मुलींच्या नावापुढचे कित्येक लाल फुल्यांचे अर्थ मला फार उशिरा कळले. शतकानुशतके आपल्या देशात आईच्या मदतीस जो हात आला, तो पुष्कळदा तिच्याच आठदहा वर्षांच्या मुलीचा हात होता. एक बालपण दुसऱ्या बालपणाच्या पदरी बांधले जात होते, आणि आम्ही मास्तर त्यास 'गैरहजेरी' म्हणत होतो.

ज्यांस हे वेळीच कळले अशी माणसे महाराष्ट्रात होऊन गेली, हे सांगितल्याने माझी शरम वाढते, तरी सांगतो. ताराबाई मोडक व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ च्या सुमारास तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. भावंडे सांभाळावी लागतात म्हणून मुली शाळेत येत नाहीत, हे त्यांनी पाहिले. मुलींस त्यांनी दटावले नाही. त्यांनी शाळेलाच पाळणाघर व बालवाडी जोडून दिली. कडेवरचे बाळ पाळणाघरात, मधले बालवाडीत, आणि ताई वर्गात, अशी तिन्ही एकाच छपराखाली. 'विकासवाडी' या नावाने ती रचना ओळखली जाते. ज्या बाळास मी वर्गाबाहेर काढले, त्या बाळासाठीच त्यांनी दार उघडले होते. आणि तेही माझ्या हातून ती चूक घडण्यापूर्वी पंचवीसएक वर्षे! पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. बालकाच्या पोषणाचे व शिक्षणाचे त्यांनी मोठे काम केले आहे. परंतु अंगणवाडी घटकाभराची. आईची पाळी दिवसभराची.

असा हा तीन उत्तरांचा इतिहास आहे. भरल्या घरी बाळ मांड्यांवर फिरत होते, परंतु त्या घरात अज्ञानाचा धूर कोंडलेला होता. गरिबाघरी ते झोळीत, अफूच्या गुंगीत, किंवा चिमुकल्या ताईच्या कडेवर होते. पूर्वीच्या बायका हे सारे एकट्याने कसे करीत, या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की कोणतीच बाई हे एकट्याने करीत नव्हती. आणि जिला एकटीने करावे लागले, तिची किंमत कोणी तरी लहानग्याने भरली.

मग आज काय? आजची आई शिकलेली आहे. बाळास सहा महिने अंगावरच्या दुधावाचून काही देऊ नये, हे ती जाणते, आणि म्हणून आमच्या मंडळींची सहाण फडताळात राहिली. इस्पितळ स्वच्छ आहे, लसी वेळच्या वेळी होतात. धूर गेला, आणि ते उत्तमच झाले. परंतु धुराबरोबर माणसेही गेली. परवा मी पाहिले, की कचेरीची तातडीची बैठक असता सूनबाईने बाळाच्या पुढ्यात मोबाइल ठेवला. त्यावर रंगीत चित्रे नाचू लागली, आणि जे मूल दहा पळेही स्थिर नसते, ते लाकडासारखे निश्चल झाले. तोंड उघडे, डोळे रोखलेले. अर्धा तास घरात शांतता होती. ती शांतता मला ओळखीची वाटली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून ठेवले आहे, की वर्षाच्या आतील बाळास असला पडदा मुळीच दाखवू नये. सूनबाईस ते ठाऊक नाही असे नाही. माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. म्हणून तिला उपदेश करावयास मी तोंड उघडले, आणि लगेच मिटले. शंभरांतील अठ्ठ्याण्णव आया मला आठवल्या. खडू खाणारे ते बाळ आठवले. दोष द्यावयाचा तर घरात दोन हात रिकामे असूनही पेपर वाचीत बसलेल्या माणसास द्यावयास हवा होता.

श्रोतेहो, त्या दिवसापासून दुपारी दोन ते चार हा वेळ माझा आहे. नोकरीत असताना मी हा वेळ बहुधा परिसर-अभ्यासाचा ठेवीत असे. आताही तोच चालू आहे. बाळ पुढे आणि मी मागे, असे आम्ही अंगणातली तुळस, पायरीवरची मुंगी, कोनाड्यातली समई यांचे निरीक्षण करतो. मी त्याच्या पायांत सोनाराकडून घुंगुरवाळे करवून घातले आहेत; माझ्या कानांस आता थोडे कमी ऐकू येते, तरी तो नाद येतो. पहिल्या दिवशी पाऊण तासातच माझी कंबर धरली, आणि सदतीस वर्षांत चाळीस मुलांच्या वर्गाने जे शिकविले नाही ते मला कळले. आत सूनबाई निजलेली असते. पहिले चार दिवस ती मधून मधून उठून पाहून जाई. आता जात नाही.

माझ्या वयाच्या सेवानिवृत्त श्रोत्यांस माझी एवढीच विनंती आहे. आपण वर्तमानपत्रांतून देशाची चिंता पुष्कळ वाहिली. कोणाच्या घरी, कोणाच्या शेजारी एखादे रांगते बाळ असेल, तर दिवसातून एक तास ते उचलून घ्यावे. त्याची आई आभार मानील किंवा न मानील. तिला बहुधा झोप लागलेली असेल. ज्या मुलीचे नाव मी १९८४ साली कमी केले, ती आज पन्नाशीची असेल. तिला नातवंडे झाली असतील. तिच्या लेकीसुनेच्या मदतीस आज तिचेच हात असतील, यात मला शंका नाही. कारण बाळ कडेवर घेण्याचा पाठ तेवढा तिने पुरा केला होता.